गाडगेबाबांचा हिशेब

गाडगेबाबा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खराटा येतो. डोक्यावर खापर, अंगात चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटकी बांगडी आणि हातात खराटा. हे चित्र शाळेच्या भिंतीवर असते, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात असते. त्यांच्या नावाने शासनाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. हे सारे योग्यच झाले. पण खराटा धरणारा हा माणूस जन्मभर आणखी एक काम करीत होता, त्याचा आपल्याला विसर पडला आहे. तो गरिबाच्या घरचा हिशेब मांडत होता. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका आणि कर्ज काढून लग्न तर मुळीच करू नका, हे त्यांच्या कीर्तनाचे कायमचे सूत्र होते. खराटा आपण वर्षातून एकदा फोटोपुरता तरी हाती घेतो. हिशेबाला मात्र कोणी हात लावीत नाही.

मी बँकेतला माणूस. वसमतला राहतो. तीस वर्षांहून अधिक काळ कर्जाचे अर्ज, सातबारे आणि थकबाकीच्या याद्या वाचण्यात गेला. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे बाबांचे चरित्र वाचताना भक्ताच्या आधी माझ्यातला बँकेचा माणूस जागा होतो. मला त्यात एक जुनी, ओळखीची फाईल दिसते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या पायी गेले. तेव्हा डेबूजी लहान होता. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी आली. आजोळी खाणारे तोंड वाढले की काम करणारे हातही वाढवावे लागतात. डेबूजी गुरे राखू लागला, पुढे शेतात राबू लागला. मामा चंद्रभानजींची शेती होती आणि हा भाचा त्या शेतीचा कणा झाला.

त्या घराला कर्जाने गाठले. चरित्रकार सांगतात ती गोष्ट आपल्याकडच्या शेकडो घरांची आहे. मामा सावकाराचे देणे देत राहिले, पण पावती घेत नव्हते. अक्षर येत नव्हते, तिथे पावती मागणार कशी आणि वाचणार कोण? शेवटी जमीन सावकाराकडे गेली आणि त्या धक्क्यात मामाही गेले. डेबूजी त्यानंतर गप्प बसला नाही. शेतीवर ताबा सांगणाऱ्या सावकारासमोर तो ठामपणे उभा राहिला, याचीही नोंद चरित्रांत आहे.

बँकेत नवीन लागलेल्या मुलांना आम्ही तारण, हमी आणि वसुली शिकवतो. मला नेहमी वाटते की या मामांची गोष्टही शिकवावी. कर्ज माणसाला एका दिवसात बुडवीत नाही. घेताना ते नड भागवते, अंगठा उठवताना मोठे वाटत नाही, आणि फेडताना तोंडी हिशेबावर भागते. ज्या दिवशी कागद बोलू लागतो, त्या दिवशी घरातले कोणी बोलू शकत नाही. बाबांनी पुढे कीर्तनातून पोरांना शिकवा म्हणून जो आकांत केला, त्याच्या मुळाशी ही न घेतलेली पावती होती, असे मला वाटते. शिक्षण आणि कर्ज हे त्यांच्या लेखी दोन वेगळे विषय नव्हतेच.

१८९२ साली डेबूजीचे कुंताबाईंशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली, अलोका. बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारूचे जेवण द्यायचे, ही जातीची रीत होती. ज्या घरात बाप दारूने गेला, त्याच घरात लेकीच्या नावाने दारू वाटायची होती. डेबूजीने ते केले नाही. त्याने गोडाचे साधे जेवण दिले. भाऊबंद नाराज झाले. आज हा प्रसंग आपण व्यसनमुक्तीचा म्हणून सांगतो. मला त्यात दुसरे काही दिसते. एक तरुण गृहस्थ, ज्याची पत गावात फार नाही, ज्याला उद्या याच भाऊबंदांत राहायचे आहे, तो घरच्या कार्याचा खर्च लोक काय म्हणतील यावर ठरवायला नकार देतो. कीर्तनकार होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. पुढे जे लोकांना सांगितले, ते आधी स्वतःच्या उंबऱ्याच्या आत करून झाले होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. आई, बायको आणि लेकरे मागे राहिली. संतांच्या चरित्रात हा प्रसंग आपण मोठ्या आदराने वाचतो आणि पुढे जातो. कुंताबाईंच्या बाजूने तो वाचला की आदराबरोबर गलबलही होते. बाबांनी पुढे धर्मशाळा बांधल्या, सदावर्ते चालवली, लोकांनी त्यांच्या झोळीत भरभरून टाकले. पण त्या पैशावर आपल्या घरच्यांचा हक्क त्यांनी ठेवला नाही. लोकांचा पैसा लोकांचा, हे तत्त्व फार थोर आहे. त्याची किंमत मात्र घरातल्या बाईने आणि मुलांनी मोजली, हेही त्याच खातेवहीच्या दुसऱ्या पानावर लिहिलेले आहे.

गावात शिरले की बाबा आधी झाडायला लागत. पाहुणा म्हणून कोणाच्या ओसरीवर बसणे नाही. भाकरी मागितली तर त्याआधी काहीतरी काम केलेले असे. पाया पडू देत नसत. आपला कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही, असे सांगत. रात्री कीर्तन. वऱ्हाडी बोलीत ते लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. देवाला बकरे का कापता, शिवाशीव का पाळता, दारू का पिता, पोरगा शाळेत का नाही, आणि सावकाराचे किती देणे आहे? हा शेवटचा प्रश्न आला की सभेतले हसू ओसरत असेल, अशी माझी कल्पना आहे. देव, दारू आणि जात यांवर माणूस चारचौघांत बोलू शकतो. देण्यावर नाही.

त्यांचा उपदेश अगदी घरगुती असे. ताटे नसतील तर हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला हलक्या किमतीचे लुगडे घ्या, पाहुण्यांचा थाट कमी करा, पण लेकराला शाळेत घातल्यावाचून राहू नका आणि कर्ज काढू नका, असा त्याचा आशय. यात काटकसर आहेच, पण ती कंजुषी नाही. कशावर पैसा वाचवायचा आणि कशावर कधीच वाचवायचा नाही, याचा क्रम आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर अंदाजपत्रक आहे. त्यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या दशसूत्रीत गरीब तरुण-तरुणींची लग्ने लावून देणे हेही एक काम आहे. म्हणजे लग्नाला त्यांचा विरोध नव्हता. लग्न व्हावे, जेवणही व्हावे, पण त्यापायी घर मोडू नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

आता आमच्या भागाकडे येतो. वसमत तालुका १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता, मग हिंगोली जिल्ह्यात आला. ही हळदीची बाजारपेठ. मे-जूनमध्ये बेणे लावायचे, आठ-नऊ महिने जपायचे, मग काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पोती बाजारात. नेमकी तीच लग्नसराई. ज्या पैशावर पुढच्या वर्षीचे बेणे, खत, पोराची फी आणि बँकेचा हप्ता अवलंबून असतो, तोच पैसा मांडवात जातो. शेतातली हळद विकून अंगाला लावायची हळद साजरी होते. भाव चांगला मिळाला तर ठीक. भाव पडला तरी तिथी पुढे जात नाही.

आमच्याकडच्या लग्नाच्या खर्चाची उतरंड वाचकांना ठाऊक आहे. सुपारी, साखरपुडा, बस्ता, पत्रिका, मंगल कार्यालय, बँड किंवा डीजे, आचारी, आहेर, रुखवत, आणि गावजेवण. त्यात सोयरिकीच्या बैठकीत ठरते की दोन्ही अंगांचा खर्च मुलीकडे. हुंडा शब्द कोणी काढीत नाही, कारण १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. त्याऐवजी पोशाख म्हणतात, मानपान म्हणतात, नुसते लग्न चांगले लावून द्या म्हणतात. शब्द बदलतो, आकडा तोच राहतो.

नोकरीत असताना एप्रिल-मे महिन्यांत माझ्या टेबलासमोर बसणारे वडील मी खूप पाहिले. कागदावर कर्जाचे कारण विहीर, पाइपलाइन किंवा दोन म्हशी असे लिहिलेले असे. थोडे बोलले की खरे कारण बाहेर येई. बँकेत बसले नाही तर ते उठून कुठे जाणार, हे दोघांनाही माहीत असे. म्हणून एक साधा हिशेब मी त्यांना कागदावर करून दाखवीत असे. तो इथेही मांडतो. दोन लाख रुपये तीन रुपये शेकड्याने घेतले, तर महिन्याला सहा हजार रुपये व्याज झाले. वर्षाचे बहात्तर हजार. तीन वर्षांत दोन लाख सोळा हजार रुपये नुसते व्याज गेले आणि दोन लाखांचे मुद्दल जागच्या जागी. म्हणजे लेकीच्या मुलाचे जावळ काढायची वेळ आली, तरी तिच्या लग्नाचे जेवण अजून फिटलेले नाही. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही येतो. तरीही घरात तो कोणी करीत नाही, कारण लग्नाच्या बैठकीत व्याजाचा विषय काढणे अशुभ समजले जाते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेतकऱ्याच्या कर्जाचा सारा दोष लग्नावर ढकलणे ही जुनी खोड आहे. बाबांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्याच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. साहेब लोकांचा समज असा, की कुणबी लग्नात उधळतो आणि म्हणून बुडतो. पण आयोगाने पाहणी करून उलट नोंदवले. लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे; असा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असला तरी तो क्वचित येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. शेतसारा, दुष्काळ, पडलेले भाव, सावकाराचे व्याज आणि कोर्टाचा हुकूमनामा यांचा फास मोठा होता. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला.

हे आजही खरे आहे. पाऊस आणि बाजारभाव शेतकऱ्याच्या हातात नाहीत, आणि केवळ मांडव छोटा केल्याने मराठवाड्याचे दुखणे बरे होणार नाही. मग बाबा लग्नावरच एवढे का बोलत? मला याचे उत्तर असे दिसते, की ज्या गोष्टी गरिबाच्या हातात नाहीत त्यांवर कीर्तन करून उपयोग नव्हता. पाऊस ऐकणार नव्हता. लग्न मात्र हातातले होते. आणि खर्च क्वचित येतो हे खरे असले, तरी तो वाईट वर्षी आला की एकटाच पुरेसा ठरतो. मामांच्या घरी वाढलेल्या माणसाला हे कोणत्याही आयोगापेक्षा अधिक ठाऊक होते.

कमी खर्चाचे लग्न ही आपल्याकडे नवी कल्पनाही नाही. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले. वर सीताराम आल्हाट, वधू राधा. खर्च पानसुपारीचा आणि हारांचा. भटजी नाही, वाजंत्री नाही, वधूवरांनी एकमेकांना चारचौघांसमोर शब्द दिला आणि लग्न झाले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी हा रस्ता पाडून झाला आहे. तो वापरात नाही एवढेच. आज ग्रामपंचायतीत विवाहाची नोंदणी होते, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोटीस देऊन तीस दिवसांनी लग्न करता येते, सामूहिक विवाहाला शासनाचे अनुदानही मिळते. अडचण सोयीची नाही. अडचण अशी आहे, की पहिल्यांदा कमी करायचे कोणी?

कमी करायचेच ठरवले तर कुठे करावे, हे मला बाबांच्या क्रमावरून सुचते. पहिला आकडा पाहुण्यांचा. आपल्याकडे लोक मांडवाच्या फुलांवर दोन हजार वाचवतात आणि पत्रिका मात्र पंधराशे छापतात. एका पानाचा खर्च दीडशे रुपये धरा. पंधराशे माणसांचे सव्वादोन लाख होतात, तीनशे माणसांचे पंचेचाळीस हजार. एक लाख ऐंशी हजारांचा फरक एकट्या यादीत आहे. वर ज्या कर्जाचे व्याज मोजले, ते जवळजवळ सगळे या यादीत मावते. त्यामुळे यादी आधी करावी, कार्यालय मागाहून ठरवावे. तीनशे माणसे घरापुढच्या मांडवात किंवा मारुतीच्या देवळासमोर बसतात. डाळ, भात, पोळी, एक भाजी, एक गोड. एवढ्यात पाहुणा उपाशी जात नाही.

दुसरा आहेर. टॉवेल-टोपीचा व्यवहार तर हिशेबाच्या दृष्टीने अजबच. मी तुम्हाला टोपी घालायची, तुम्ही मला घालायची, आणि दोन्ही टोप्या कपाटात. शंभर रुपयांचा एक जोड धरला तर दोनशे पाहुण्यांचे वीस हजार झाले. पत्रिकेवर आहेर बंद असे छापतात, पण ते स्वतःच्या मांडवातही पाळावे लागते. तिसरी गोष्ट तिथीची. दोन भावांची लेकरे लग्नाची असतील तर एकाच मांडवात उरकावे. गावात त्या आठवड्यात दुसरे लग्न असेल तर मांडव आणि आचारी वाटून घ्यावा. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: बैठकीला मुलीला बसू द्यावे. तिच्या नावाने होणारा खर्च तिला कळू द्यावा. २०१६ आणि २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या दोन मुली आपल्या लग्नाचा भार वडिलांवर नको म्हणून जगातून गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. घरात बाप गप्प, आई गप्प आणि मुलगी आतल्या खोलीत एकटीच आकडे जुळवते आहे, हे कोणत्याही घरात होऊ नये. कमी खर्चाचे लग्न ही मुलीची अवहेलना नसून तिच्यावरचे ओझे उतरवणे आहे, हे तिला तोंडाने सांगायला हवे. ती ओळखून घेईल असे धरून चालू नये.

आणि पाचवी गोष्ट मुलाकडच्यांची. सारा उपदेश मुलीच्या बापाला करून भागत नाही. खर्चाची किल्ली बहुतेक वेळा वरपक्षाच्या हातात असते. तीनशेच माणसे आणू, बस्ता आमचा आम्ही बांधू, एवढे वाक्य वराच्या बापाने उच्चारले तर बैठकीतला निम्मा ताण तिथेच उतरतो. बाबांचे कीर्तन बाया, पुरुष, वधूपक्ष, वरपक्ष, सगळ्यांसमोर होई, याचे हे कारण असावे. एका बाजूला शहाणे करून लग्न स्वस्त होत नाही.

बाबांची स्वतःची वही कशी होती? नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंची जागा शिक्षणाच्या कामी आली, याचा त्यांना आनंदच होता. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन करून सारा कारभार संस्थेकडे दिला. एवढ्या इमारती उभ्या करणाऱ्या माणसाने स्वतःसाठी मातीचे एक गाडगे ठेवले; त्यातच भाकरी, त्यातच पाणी. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही. सुख असो वा दुःख, घरच्या कार्याचा गाजावाजा त्यांनी कधीच केला नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला. आपला पुतळा नको, स्मारक नको, असे त्यांनी सांगून ठेवले होते. आपण दोन्ही केले. त्यांनी जे करा म्हणून सांगितले होते, ते अजून करायचे राहिले आहे.

यंदाची हळद बाजारात येईल, तेव्हा वसमतच्या कितीतरी घरांत सोयरिकीच्या बैठका भरतील. चहा होईल, सुपारी फुटेल. त्या बैठकीत कोणी वडीलधाऱ्याने एक कोरा कागद मागून घ्यावा आणि पहिल्या ओळीत पाहुण्यांचा आकडा लिहावा. दुसऱ्या ओळीत हातात असलेली रक्कम लिहावी. तिसऱ्या ओळीत कर्ज असे लिहून त्यापुढे शून्य काढावे, आणि मगच तिथीकडे वळावे.